बिनमिठाची करणी

पाणी पडलं नाही.

बोरटेकच्या मारुतीच्या पारावर रविवारी सकाळी जेवढं गाव मावत होतं तेवढं मावलं होतं. उरलेलं गाव शेजारी उभ्या केलेल्या ट्रॉलीत चढलं होतं. या सगळ्यांच्या देखत बादल महाराजांनी पाण्याने भरलेला पितळी लोटा अमरदीप सरांच्या डोक्यावर उलटा धरला होता. लोट्याचं तोंड खाली, बूड वर. तोंडाखाली सरांचा पाडलेला भांग. आणि पाणी लोट्यातच.

"पानी रुक जा, पाप झुक जा, जिसकी करनी उसको दिख जा," महाराज म्हणाले. मंत्र हिंदीत होता. बाहेरगावची करणी मराठीला दाद देत नाही, असा महाराजांचा अनुभव होता.

"हा मानूस आपल्या पाझर तलावाले पाहिजे होता," म्हातारे उकंडराव शेजाऱ्याला म्हणाले. "बांधल्यापासून गळून राह्यला तो."

सगळं रीतसर झालं होतं. महाराजांनी लोटा आधी रिकामा दाखवला. मग त्यात चिमूटभर विभूती टाकली. चिमूट महाराजांच्या हाताच्या मानाने होती आणि हात चांगला भरदार होता. मग पाणी. ते मात्र जारचं पाहिजे, सील समोर तोडलेलं. बोअरच्या पाण्यात जमिनीखालचे आत्मे उतरलेले असतात, असं महाराजांनी सांगितलं. जार भरणारा मशीनमध्ये घालतो ते पाणीही बोअरचंच असतं. पण आत्मे फिल्टरमध्ये अडकत असावेत.

मंत्र हवा तेवढा वेळ चालला. लोटा उलटा झाला. बायांनी पदर डोक्यावर घेतले.

"करणी हाये," महाराजांनी निकाल दिला. "पूर्वेकडच्या मानसानं केली हाये."

गावाची निम्मी घरं पूर्वेला होती. ती निम्मी घरं उरलेल्या निम्म्यांकडे बघू लागली.

"पाण्यात बांधली मी तिले. लोटा आठ दिवस घरी ठेवा, लाल फडक्यात. तोवर घरात मीठ नाही पाहिजे. खायचं नाही, ठेवायचंबी नाही. येत्या रविवारी इथंच पुन्हा पाहू. पाणी पडलं, त समजा करणी नाही. नाही पडलं, त हा पोरगा आपल्या पहिल्या नोकरीवर वापस गेल्याबिगर सुटत नाही."

पहिल्या नोकरीची गोष्ट महाराजांनी अंतर्ज्ञानाने ओळखली होती. अमरदीपचे चुलतकाका जानराव यांनी आदल्या दिवशी मोटरसायकलवरून महाराजांना आणताना ती फाट्यापासून गावापर्यंत सांगितली होती, पण त्याने अंतर्ज्ञानाला काही बाधा येत नाही.

लोट्याखाली बसलेल्या अमरदीपला नवल एकाच गोष्टीचं वाटत होतं. हेच काम तो नऊ वर्षं गळ्यात ओळखपत्र घालून करत होता, आणि एकदाही कोणी त्याच्या पाया पडलं नव्हतं.

हे काम नेमकं कोणतं, ते गावात फक्त त्याच्या आईला, गोजराबाईला माहीत होतं. एमेस्सी झाल्यावर अमरदीप चाकणकडच्या एका कंपनीत लागला. तिथे लहान मुलांचे डायपर बनत. त्याची जागा प्रयोगशाळेत होती. डायपरवर पाणी ओतायचं, ते किती धरतो ते बघायचं, साहेबाला सांगायचं. नोकरी लागल्याचा फोन आला तेव्हा गोजराबाईने विचारलं, "डायपर म्हंजे काय रे?" त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने गावात सांगितलं, पोरगा पाणी धरून ठेवायच्या कंपनीत आहे. गावाने समजायचं ते समजून घेतलं. पाझर तलाव गळायला लागला तेव्हा सरपंचांनी सल्ल्यासाठी अमरदीपला फोन केला होता. त्याने कामात आहे म्हणून सांगितलं.

मग एकदा एका शाळेची सहल कंपनी बघायला आली. एका मुलीने विचारलं, "काका, एवढं पाणी गेलं कुठं?" तो सांगत बसला. कॅन्टीन बंद झालं तरी सांगत होता. साहेब लोक त्याला नेहमी 'किती' विचारत. 'कुठं' असं नऊ वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून त्याचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. बी.एड. केलं, परीक्षा दिली, आणि शेजारच्या गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञानाचा शिक्षणसेवक म्हणून रुजू झाला. मेडशीकडे जाणाऱ्या यष्टीत डबा मांडीवर घेऊन बसू लागला.

गावाने या घटनेचा सर्व बाजूंनी विचार केला. प्रेमभंग झाला म्हणावं तर पोरगा वजनाने वाढला होता. पोलिसांचं काही म्हणावं तर पोलीस आले नव्हते. शहाणासुरता माणूस कंपनीची एसी बस सोडून खडूच्या धुळीत येतो, याचं कारण करणीशिवाय दुसरं काय असणार. त्यात अनसिंगची जमत आलेली सोयरीक होती. पोरगा मास्तर झाला म्हटल्यावर तिकडच्यांनी फोन उचलणं बंद केलं. तिथे गोजराबाईचा धीर सुटला आणि जानराव महाराजांना आणायला निघाले.

रविवारी दुपारी लोटा देवळीत ठेवून गोजराबाई त्याच्यासमोर बसली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

"माय, ती विभूती नाही," अमरदीप म्हणाला. "आमच्या कंपनीतली पावडर हाये. डायपरमंदी भरतेत तीच. पानी पडलं का तिचा थलथलीत गोळा होते. गोळा लोट्याले चिकटून बसते. म्हणून पडत नाही."

"म्हंजे महाराज लंगोटातली पावडर घेऊन गावोगाव हिंडून राह्यले म्हनतं?"

"व्हय."

"असं गावात सांगशीन?"

"सांगतो ना."

"अन् तुले कसं माहीत म्हून विचारलं त?"

अमरदीपने लोट्यावरचं फडकं उगाच नीट केलं.

"माह्या गळ्याची आन हाये तुले," गोजराबाई म्हणाली. "लंगोटाचं नाव गावात काढाचं नाही. नऊ वर्सं मी तुले धरणावर ठेवलं. आता म्हातारपनी मले त्यात पाडू नको."

"मी कुठं म्हनलं होतं धरण?"

"मीबी नाही म्हनलं. लोकाइनं म्हनलं. मी फक्त नाही म्हनलं नाही." तिने पदराने तोंड पुसलं. "एक काम कर. येत्या रविवारी पानी पडलं, त जन्मात तुले नोकरीचं बोलनार नाही. नाही पडलं, त राजीनामा दे अन् जाय. तुह्या साहेबानं जागा धरून ठेवली म्हनत होता ना तू?"

जागा खरंच धरून ठेवलेली होती. आणि तो गोळा महिनाभर ठेवला तरी पडणार नाही, हेही त्याला त्या कंपनीतल्या कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी तो 'बरं' म्हणाला. ती जेवली पाहिजे होती. आणि आठ दिवसांत आईला आपण समजावू, असा त्याचा अंदाज होता. शिक्षकी पेशात नव्या आलेल्या माणसाचे असे अंदाज असतात.

आठवडा अळणी गेला. घरातलं मीठ गोजराबाईने काढलं. पण वऱ्हाडात घर बिनमिठाचं ठेवायला कोणती बाई धजावेल? तिने बरणी अंगणात तुळशीच्या ओट्यावर ठेवली. अंगण म्हणजे घर नाही. लोटा बघायला रोज बाया यायच्या, फडक्याला हात लावून तो कपाळाला लावायच्या. अमरदीपने काही सांगायला घेतलं की गोजराबाई गळ्याला बोट लावून दाखवायची.

शाळेतही बातमी पोचलेली होतीच. नववीच्या वर्गात सुकेशनीने हात वर केला. ही मुलगी हात वर करायची तेव्हा हेडमास्तर वर्गावरून पुढे निघून जात.

"सर, करणी कोणत्या धड्यात हाये?"

"अभ्यासक्रमात नाही."

"मंग तुमच्यात कशी आली?"

वर्ग हसला. सरांनी खरं सांगितलं असतं, पण शपथ आड आली. "पुढचं विचार," ते म्हणाले.

"महाराजाले बोअरचं पानी काहून चालत नाही?"

"तुला काय वाटतं?"

"बोअरचं खारं हाये. अन् मीठबी बंद केलं त्याइनं. दोनी खारेच. मले वाटते का करणी खाऱ्याले भेते."

पुन्हा वर्ग हसला. या वेळी सर हसले नाहीत. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

"भिते की नाही, हे कसं ठरवशील?"

"मीठ टाकून."

"मग टाक."

"लोटा तुमच्या घरी हाये ना, सर," सुकेशनी म्हणाली, आणि खाली बसली.

त्या दिवशी यष्टीत अमरदीपला मांडीवरच्या डब्याचंही भान नव्हतं. तुळशीच्या ओट्यावर हात घातला की काम होत होतं. पण आईच्या नकळत मीठ टाकायचं म्हणजे गावात एक बादल महाराज होते, तिथे दोन झाले. पाणी पडलं असतं आणि आईला कळलं काहीच नसतं. त्याने ओट्याकडे बघितलं आणि पाय धुऊन घरात गेला.

रविवार उजाडला. सकाळी गोजराबाईने त्याला अंगणात हाक मारली. "इकडं ये. अख्ख्या गावापुढं बसाचं हाये आज. दृष्ट काढू दे."

एरवी दृष्ट म्हटली की तो पळायचा. तो येऊन पाटावर बसला. गोजराबाईने ओट्यावरच्या बरणीतून मूठभर मीठ घेतलं, त्यात मोहऱ्या घातल्या आणि त्याच्यावरून ओवाळू लागली. "आल्यागेल्याची, दारच्या पाहुन्याची, पूर्वेकडच्याची..."

ओवाळून झालं, मूठ बंदच राहिली. चूल होती तेव्हा दृष्टीचं मीठ चुलीत जायचं, तडतडायचं, कोणाची किती नजर होती ते आवाजावरून कळायचं. घरात गॅस आल्यापासून हे एक काम अडून बसलं होतं. बर्नरवर टाकलं तर छिद्रं बुजतात. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि देवळीतला लोटा बाहेर आणून त्याचं फडकं सोडलं.

"काय करून राह्यली, माय?"

"टाकतो यातच. एवढी मोठी करणी बांधून ठेवली हाये, त ही बारकी नजर कायले मोकळी सोडाची? दोघीबी एका जागी राह्यतीन."

तिने मूठ लोट्यात सोडली.

"माय, मीठ टाकलं हं तू. ध्यानात ठेव. कोणं टाकलं म्हून विचारतीन मंग."

"मी टाकलं म्हून सांगीन. चोरी केली का?"

"मंग अजून एक डाव काढ," तो म्हणाला. "नऊ वर्सांची नजर हाये. एका मुठीत उतरत नाही."

गोजराबाईने त्याच्याकडे संशयाने बघितलं. पण आपण होऊन दृष्ट काढून मागणारं लेकरू कोणत्या आईला नको असतं? तिने दुसरी मूठ भरली, ओवाळली आणि तीही लोट्यात टाकली. वर फडकं बांधलं. मग लोटा कमरेवर घेऊन, वाटेत चार जणींना दाखवत, हलवत-डुलवत ती पारावर गेली.

पारावर मागच्यापेक्षा जास्त गर्दी होती. जऊळक्याहूनही माणसं आली होती. नववीच्या मुली पुढे बसल्या होत्या, सुकेशनी सगळ्यांत पुढे.

महाराजांनी डोळे मिटले, मंत्र म्हटला, फडकं सोडलं आणि जमलेल्या गावाकडे बघत, लोट्याकडे न बघता, लोटा सरांच्या डोक्यावर उलटा केला.

पाणी पडलं. धो धो पडलं, आणि त्यामागून साबुदाण्याच्या पातळ खिरीसारखं काहीतरी आलं. सरांचा भांग मोडला. कपाळावरून मोहऱ्या ओघळल्या.

महाराजांनी लोट्यात डोकावून बघितलं. पण मुरलेला माणूस होता. "छूट गयी," ते म्हणाले. "देखो, करनी छूट गयी."

गावाने हात जोडायला घेतले. अर्धे हात जुळलेही होते. तेवढ्यात गोजराबाई उभी राहिली.

"महाराज, मांगच्या रविवारी तुमीच म्हनलं. पानी पडलं, त करणी नाही."

"होती, माताजी. आता सुटली."

"मंग पोराले वापस जायचं काम नाही?"

महाराजांनी जानरावांकडे बघितलं. जानरावांनी 'पाठवा' अशी मान हलवली. "जावं तर लागंन," महाराज म्हणाले.

"पडलं तरी जावं लागंन अन् नाही पडलं तरी जावं लागंन? मंग लोटा कायले आनला?"

महाराजांनी उत्तरासाठी वेळ काढायला ओला हात मिशीवरून फिरवला. बोट ओठाला लागलं. त्यांचा चेहरा बदलला. "यात नमक कोणं टाकलं?"

"मी टाकलं," गोजराबाई म्हणाली. "दृष्टीचं. काहून? करणी मिठाले भेते काय?"

"नमकानं बंधन तुटते. मना केलं होतं ना मी."

"म्हंजे गावात किराणा दुकान हाये तोवर करणीचं भेव नाही," उकंडराव म्हणाले. ट्रॉलीतली माणसं हसली. महाराजांच्या समोर हसण्याची ती पहिलीच वेळ होती.

गोजराबाई लेकाकडे वळली. "बोल ना आता."

अमरदीपने डोक्यावरून पाणी निथळत असतानाच गळ्याला बोट लावून दाखवलं.

गोजराबाईने पारावरची माणसं बघितली. पूर्वेकडची, पश्चिमेकडची, जऊळक्याची. नऊ वर्षांचं धरण तिच्या डोळ्यांपुढे उभं असावं. तिने पदर खोचला.

"माहा अमर धरणावर नव्हता," ती म्हणाली. "लहान्या पोराइचे डायपर बनवते त्या कंपनीत होता. ही महाराजाची विभूती त्यातलीच हाये, असं तो मले आठ दिवसांपासून सांगून राह्यला. मले लाज वाटे म्हून मीच त्याचं तोंड बांधलं. घे, सोडलं. सांग काय सांगाचं ते."

कोणी हसलं नाही. सरपंचांना आपला फोन आठवला आणि ते तलावाच्या दिशेला बघू लागले. मागून बायांमधली साधना पुढे आली. तिच्या कडेवर बाळ होतं, खांद्याला पिशवी. "सर, कोरा डायपर हाये माह्यापाशी. पाहिजे का?"

अमरदीपने तो फाडला आणि कापूस वर्तमानपत्रावर झटकला. साखरेसारखे पांढरे दाणे खाली जमले. लोटा विसळून, पुसून त्यात ते टाकले. जारचं पाणी सुकेशनीला ओतायला लावलं.

"मंत्र, सर?"

"येतो तो म्हण."

सुकेशनीने पाण्याचे गुणधर्म म्हटले, रंग नाही, वास नाही, चव नाही. तिचं म्हणून होईपर्यंत काम झालं होतं. अमरदीपने लोटा स्वतःच्याच डोक्यावर उलटा धरला. एक थेंब पडला नाही. मग लोटा सरळ करून त्यात मीठ घातलं, काडीने बराच वेळ ढवळलं, पुन्हा उलटा केला. सर दुसऱ्यांदा भिजले.

"हे दाने म्हंजे बारीक बारीक साखळ्या हायेत," तो म्हणाला. "पानी आलं का फुगतेत, पानी पोटात धरून बसतेत. खारट पान्यात फुगत नाहीत. फुगलेल्याइत मीठ टाकलं, त आखडतेत अन् धरलेलं पानी सोडून देतेत. म्हणून महाराजाले बोअरचं पानी चालत नाही, म्हणून तुमच्या घरातलं मीठ बंद. करणी-फिरणी काही नाही. पूर्वेकडच्या कोणी काही केलं नाही."

निम्म्या गावाने श्वास सोडला.

"पण हे मी सांगतो म्हणून खरं मानू नका," तो पुढे म्हणाला. "मागच्या रविवारी महाराज सांगत होते म्हणून मानलं, आज मी सांगतो म्हणून मानाल, मग फरक काय राह्यला. मीठ सगळ्यांच्या घरी हाये. घरी जा, स्वतः करून पाहा. अन् पुढं कोणी चमत्कार घेऊन आला, त त्याले एकच विचारा, तुमाले काय चालत नाही. जे चालत नाही म्हणन, तेच टाकून पाहा. हा प्रश्न मले सुचला नव्हता. ही सुकेशनी, नववीत हाये. तिनं विचारला."

महाराजांकडे काही विचारावं म्हणून लोक वळले, तर पारावर महाराज नव्हते. जानरावांची मोटरसायकलही नव्हती. ती संध्याकाळी फाट्यावर उभी सापडली, किल्ली तिलाच होती. तेवढा प्रामाणिकपणा महाराजांनी दाखवला. जानराव ती आणायला पायी गेले आणि कोणाशी न बोलता परत आले. लोटा राहून गेला होता. तो आता हायस्कूलच्या प्रयोगशाळेत आहे, आणि नववीतली मुलं दर वर्षी तो कोणाच्या तरी डोक्यावर उलटा करतात.

दुपारी गोजराबाईने वरणात मीठ टाकलं, जरा जास्तच. अमरदीपने दोन वेळा वरण मागून घेतलं.

"पानी पडलं," ती म्हणाली. "माहा शब्द म्हंजे शब्द. नोकरीचं बोलनार नाही."

"बरं."

"उद्या डब्यात काय देऊ?"

"काहीही दे. मीठ घाल म्हंजे झालं."

तिने त्याच्या ताटात अजून एक पळी वरण वाढलं. "अनसिंगले एक फोन लाव," ती म्हणाली. "उचलला, त मी बोलतो. या डाव खरं सांगून पाहू."

"डायपरचंबी?"

"पहिले तेच सांगतो," गोजराबाई म्हणाली. "लगन झालं का कामात येते."